घरात 'शाया', वहीत 'शाळा'

मोताळा तालुक्यातील तिसरीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, 'माह्या शायेत पानी नाही.' गुरुजींनी लाल शाईने तीन गोल काढले. वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून पोर वर्गात तोंड उघडेना. आई कापूस वेचायला जाणारी. ती म्हणाली, "आमालेच लिवता येत नाही, आमी काय शिकवाव?"

बंधू-भगिनींनो, त्या पोरीने जसे ऐकले तसे लिहिले. म्हणजे तिचा कान पक्का आहे. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. बोली म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे आधी लेकराला सांगा. परंतु पुस्तक, परीक्षा, नोकरीचा अर्ज हे सारे प्रमाण मराठीत असते, आणि तिथे गुण आपल्याच मुलांचे कापले जातात. म्हणून दोन्ही यायला हवे.

यात अक्षरओळख नसलेली आईसुद्धा मास्तरीण होऊ शकते. भाकरी थापताना तिने आपल्या बोलीत शब्द सांगावा: डोया, केय, जवय, कपाय. मुलाने पाटीवर डोळा, केळ, जवळ, कपाळ लिहावे आणि बालभारतीच्या पुस्तकात शोधून स्वतःच पडताळावे. रोज पाच शब्द पुरेत. चुकले तर पुसून पुन्हा लिहायचे, टपली मारायची नाही. 'ळ' गिरवायला तर आपला जिल्हाच उपयोगी पडतो: मोताळा, नळगंगा, जळगाव जामोद, देऊळगाव राजा. 'ण'साठी लोणार आणि पूर्णा. (जिल्ह्याचे नाव मात्र कुठे 'बुलडाणा' तर कुठे 'बुलढाणा' लिहिलेले दिसते. मोठ्यांचेच एकमत नाही, तिथे लेकराला काय रागवायचे!)

एक मात्र सांभाळा. ही युक्ती कळली की मुले जिथे तिथे 'ळ' लावतात आणि 'माया'चा 'माळा' करून ठेवतात. माया, दया, पाया हे शब्द मुळातच 'य'चे. तसेच 'कोन' भूमितीतला, 'कोण' प्रश्नातला. अशा जोड्या मोठ्याने बोलून घ्याव्यात.

ऱ्हस्व-दीर्घ थोरल्या भावंडांनी बघावे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम, त्यात १९७२ ची चारांची भर, असे अठरा नियम आहेत. लहान मुलाला दोनच पुरेत. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, विळी, चाकू ('आणि' मात्र ऱ्हस्व). आणि गरीब, फूल, मूल यांत दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला, मुलाला.

त्या मुलीच्या घरी पंधरा दिवसांपासून पाटी निघते. परवा आईनेच विचारले, "माहं नाव कसं लिवतात वं?" आता रोजचे शब्द सहा झाले आहेत.