आधी पंप, मग पळापळ

लहान मुलाच्या दम्याबद्दल आपल्या घरांतून जो पूर्वपक्ष ऐकू येतो, तो आधी नीट मांडते. पंप हे म्हाताऱ्यांचं, जुनाट दम्याचं औषध. तीन वर्षांच्या पोराला तो लावला की सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही. त्यात स्टिरॉइड असतं, त्यानं वाढ खुंटते. बाळदमा पाचव्या-सहाव्या वर्षी आपोआप जातो, तोवर सिरपवर भागवावं. फारच धाप लागली तर दवाखान्यात नेऊन मशीन लावून आणावं. आणि याचा बोभाटा करू नये, मुलगी असेल तर मुळीच नको. हे शेवटचं कारण सहसा कुणी उघड बोलत नाही, पण बाकीच्या सगळ्या कारणांच्या मागे तेच उभं असतं असा माझा संशय आहे.

यात खरं काय आहे, ते आधी कबूल करायला हवं. बाळदमा बऱ्याच मुलांचा जातो. अमेरिकेत टूसॉन शहरात मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजत होती, त्यांच्यातल्या साधारण 60 टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. म्हणजे आजीचा अनुभव खोटा नाही. पण सहाव्या वर्षी जाणार असलेला दमा आज रात्री दोन वाजता आलाय, त्याचं काय करायचं? आणि उरलेल्या 40 टक्क्यांत आपलं मूल नाही, हे तीन वर्षांच्या मुलाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.

आता सिरप. पंपापेक्षा ते ‘सौम्य’ अशी समजूत इतकी पक्की आहे की तिचा हिशेबच कुणी केलेला नसतो. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीलीटरच्या चमच्यात 2 मिलिग्रॅम औषध असतं. तेच औषध पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एक चमचा म्हणजे 20 पफ. लहान मूल म्हणून अर्धाच चमचा पाजला, तरी 10 पफांइतकं औषध पोटात गेलं. तिथून ते रक्तात उतरणार, सगळ्या अंगभर फिरणार, हात थरथरणार, काळीज धडधडणार आणि या सगळ्या प्रवासात त्यातला थोडा भाग श्वासनलिकांपर्यंत पोचणार, तोही अर्ध्या तासाच्या हिशेबानं. पंपाचं औषध थेट तिथेच जातं आणि काही मिनिटांत नळ्या सैल करू लागतं. मुलाला औषध कमी जावं म्हणून पंप टाळणारं घर कैकपटींनी जास्त औषध पाजत असतं आणि वर त्याचा उपयोग कमी करून घेत असतं.

स्टिरॉइडची भीती निराधार नाही, फक्त ती भलत्या जागी लागली आहे. पंप दोन प्रकारचे असतात. धाप लागल्यावर द्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपात स्टिरॉइड नसतंच. रोज द्यायच्या प्रतिबंधक पंपात असतं, अगदी कमी मात्रेत, आणि ते श्वासनलिकांची सूज उतरवतं. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांच्या उंचीवर परिणाम होतो का? होतो. अमेरिकेतल्या मोठ्या बालदमा चाचणीतली मुलं वयात येईपर्यंत मोजली गेली. 2012 मध्ये निष्कर्ष आला, की ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. हा आकडा झाकायचं कारण नाही. पण पंपातल्या या सव्वा सेंटिमीटरला घाबरणारं घर दर दोन महिन्यांनी मुलाला ‘डेक्सा’चं इंजेक्शन द्यायला नेतं, तेही स्टिरॉइडच, आणि पंपापेक्षा कितीतरी जड मात्रेत. एखाद्या वैदूच्या बिननावाच्या पुडीनं जादू झाल्यासारखा आराम पडला, तर तिच्यातही काय असू शकतं, याची शंका घ्यावी.

आणखी एक विसंगती. पंपाला नको म्हणणाऱ्या कितीतरी घरांत रात्रीचं मॉन्टेलुकास्टचं सिरप महिनोन्‌महिने बिनबोभाट चालू असतं. त्या औषधामुळे काही मुलांत झोप, स्वभाव, मनःस्थिती बिघडू शकते म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2020 मध्ये त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. ते औषध टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. काही मुलांना ते लागतं. पण बाटलीतून चमच्यानं दिलेलं ते सगळं निरुपद्रवी आणि तोंडाला लावलेला पंप तेवढा घातक, हा निवाडा औषधाकडे बघून केलेला नसतो, लोक काय म्हणतील याकडे बघून केलेला असतो.

मशीनचंही तसंच. नेब्युलायझरची वाफ निघताना दिसते, आवाज होतो, दहा मिनिटं काहीतरी चालू राहतं, त्यामुळे मोठा उपचार झाल्यासारखं वाटतं. आत औषध तेच. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत दिसलं, की झटका जीवघेणा नसेल तर पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) मशीनच्या मागे पडत नाहीत. उलट मुलांचा दवाखान्यातला वेळ कमी होतो आणि धडधडही कमी. स्पेसर महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टर हेदर झार यांचं काम आहे. त्यांनी 500 मिलीलीटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवला आणि अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच काम देते, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं.

कोजागिरीच्या खिरीतलं औषध, हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर बत्तिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात घालून देतं तो प्रसाद, केळं-दही बंद, गरम पाण्याचा वाफारा. यांच्यावर वेळ घालवत नाही. धाप लागलेल्या मुलाच्या घशात जिवंत मासा घालू नये आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यापाशी त्याला बसवू नये, एवढं पुरे.

पण ‘सवय लागते’ या वाक्यात एक खरा धागा आहे, आणि पंपाचे कैवारी तो बघत नाहीत. आरामाचा, म्हणजे धाप लागल्यावर द्यायचा पंप आठवड्यातून दोनदा-तीनदा लागू लागला, महिना-दीड महिन्यात डबा बदलावा लागला, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ. तिथे रोजचा प्रतिबंधक पंप हवा असतो आणि घर मात्र आरामाच्या पंपावरच समाधान मानतं. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या 195 मृत्यूंची तपासणी करून 2014 मध्ये अहवाल निघाला. आरामाचे पंप बेसुमार आणि प्रतिबंधक पंप अपुरे, हे त्यातलं ठळक चित्र. जवळपास निम्मी माणसं मदत न मागताच किंवा मदत पोचण्याआधी गेली होती. आपल्याकडे तर, 2019 च्या जागतिक अंदाजानुसार, जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी 13 टक्के असूनही दम्यानं होणारे 42 टक्के मृत्यू भारतात होतात. रोग तोच आणि औषधंही तीच असताना हे होतं. ही दरी बरीचशी उपचाराला लागणाऱ्या उशिराची आणि अर्धवट उपचाराची आहे.

म्हणून माझा पक्ष असा: मुलाच्या झटक्यावरचा पहिला उपचार घरीच, पंप आणि स्पेसरनंच, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे व्हायला हवा. कपडे बदलून, रिक्षा शोधून, दवाखान्यात नंबर लावून तो सुरू होता कामा नये.

घरच्या उपचाराचा तो पहिला तास असा जातो. मुलाला मांडीवर ताठ बसवायचं, झोपवायचं नाही. पंप हलवून स्पेसरला लावायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता टेकवायचा, एक पफ मारायचा आणि मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. मग पुन्हा हलवून दुसरा. दोन पफ एकदम मारून उपयोग नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेचा ढोबळ नियम आहे: दोन पफ; गरज पडली तर वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा. तुमच्या मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच पाळायचा. मूल रडत असेल तर औषध छातीत फारसं उतरत नाही, म्हणून मास्कची ओळख ते खेळत-हसत असतानाच करून द्यावी, आधी बाहुलीला, मग त्याला. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्यानं पुसला तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतींनाच चिकटतं. पंप संपला का हे पाण्यात तरंगतो का यावरून कळत नाही, पफ मोजावे लागतात.

आणि घराची हद्दही त्याच कागदावर हवी. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागले, आराम पडून लगेच उतरू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बरगड्यांच्या मधली जागा किंवा गळ्याचा खळगा आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, मुलाला वाक्य पुरं करता येत नाही किंवा दूध ओढता येत नाही, ओठ निळसर, मूल गुंगीत: यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन आणि वाटेतही पफ चालू. मघाशी वाजणारी छाती एकाएकी गप्प झाली आणि मूल अजून धापतंय, तर ते बरं होणं नव्हे. नळ्यांतून हवाच जात नाहीय. पंपावर विश्वास ठेवणारं घर इथे चुकतं, आणखी थोडं बघू म्हणतं.

एवढं करून कोपऱ्यात कॉइल पेटलेली असेल तर काय बोलायचं? मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल तपासून 2003 मध्ये निघालेला हिशेब असा, की एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरतात. डासांसाठी मच्छरदाणी आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यांत वर निघाली ती नागगोळी, म्हणजे नेमकी जी आवाज करत नाही म्हणून आपण लहानांच्या हातात देतो. ऊद-धूप, बाळाची धुरी, दिवाळीआधीची जळमटं-धूळ, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी ही यादी प्रत्येकाला आपल्या घरात फिरून करता येईल. देवाला अगरबत्तीऐवजी फूल चालतं, निदान माझ्या आजीच्या देवाला तरी चालायचं.

दिवसभर मूल ज्यांच्यापाशी असतं ती आजी किंवा पाळणाघरातली बाई डॉक्टरांच्या खोलीत बहुधा नसतेच. कागद आईच्या मोबाइलमध्ये, पंप कपाटात कुलुपात आणि झटका दुपारी तीनला. तेव्हा पुढच्या तपासणीला आजीलाच न्यावं, पंप आणि स्पेसर पिशवीत घालून. डॉक्टरांसमोर तिनं एकदा स्वतः मुलाला पफ देऊन दाखवावा. मास्क कुठे निसटतो, पफ दोन एकदम पडतात का, ते तिथल्या तिथे दिसतं, आणि सवयीबद्दलचा तिचा प्रश्नही तिनं तिथेच विचारावा.