गर्दी जमते, बैठक कोण चालवणार?

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, मग धरपकड. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत रस्त्यावर उतरणारे तरुण कमी नव्हते. पण अशा वेळी आणखी काही माणसे लागतात. अटकेचे कारण लेखी मागणारा, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले का हे पाहणारा, जखमींची नोंद ठेवणारा, पत्रकारांशी तोलून बोलणारा. सोमनाथच्या आई विजयाबाईंची लढाई कागदावरच लढली गेली. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकारची त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला पोलीस ठाणे आहे. भोवतालच्या वस्त्यांवर काही घडले तर तक्रार तिथे जाते. सोबत कोण जाते? बहुधा एकच 'साहेब'. तो गावात नसला की सगळे थांबते. हा दोष त्या माणसाचा नाही, आपण घडवण्याच्या पद्धतीचा आहे. आपली शिबिरे म्हणजे एक माईक, एक वक्ता, समोर सतरंजीवर तीन तास बसलेली पोरे. टाळ्या वाजवायला शिकतात, ठराव लिहायला नाही.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. 1956 मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी अवघे पंधरा. भाषणापुरते लाख श्रोते त्यांना केव्हाही मिळाले असते! 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी भिक्खूसंघाचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला माहीत होते. त्याच भाषणात व्यक्तिपूजेविरुद्धचा इशाराही आहे. तथागतांनीही वारस नेमला नाही, धम्म आणि विनय मागे ठेवला.

मग ताडकळसच्या तरुणांनी विहारात ग्रामसभाच भरवून पाहावी. एक जण सरपंच, एक ग्रामसेवक, एक जण गणपूर्ती मोजणारा (पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला कमी आकडा). विषय खराच घ्यावा: रमाई आवासचे अडलेले हप्ते किंवा वस्तीतली नाली. ठराव मांडायचा, विरोध ऐकायचा, इतिवृत्त लिहायचे. पुढच्या रविवारी भूमिका बदलायच्या. काल घोषणा देणाऱ्याने आज ग्रामसेवक होऊन नियम दाखवावा, मग त्याला कळेल आपला अर्ज कुठे कच्चा होता. पोलीस ठाण्याचा प्रसंगही असाच करून पाहावा; फिर्याद घ्यायला टाळाटाळ झाली तर आवाज न चढवता काय म्हणायचे, पुढे पोलीस अधीक्षकांना लेखी कसे कळवायचे.

यात मुलींना चहा आणि रांगोळीवर ठेवू नये. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती किती गावांत फक्त कागदावर होते, हे त्यांनीच शोधावे. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पहिला अर्ज कुणी एकटीने नव्हे, पाच जणींनी मिळून लिहावा, आणि उत्तर घ्यायला पाचही जणींनी जावे.