गिटार खरवडा, तंबोरा नको

सप्तापुरात क्लासला येणाऱ्या मुलांच्या पाठीवर हल्ली दप्तराच्या जोडीला मधूनच एक लांबलचक काळी पिशवीही दिसते. आत असते चार जाड तारांची बेस गिटार. धारवाडच्या एखाद्या घरात कोपऱ्यात गवसणीतला आजीचा तंबोरा आणि त्याच्या शेजारी नातवाची बेस, असं चित्र दिसलं तर नवल वाटायला नको. दोघांचंही काम खालचा पाया सांभाळण्याचं. प्रश्न येतो तो सुट्टीत. मुलगा म्हणतो, "अज्जी, गिटारचा रंग काढून आतलं लाकूड दाखवतो." अज्जी हो म्हणते. दोन दिवसांनी हातात सँडपेपर असतोच, तेव्हा तो तंबोऱ्याकडे वळतो. "हाही काळवंडलाय, करून टाकू?" इथे मात्र अज्जीने ठाम नाही म्हणायला हवं. का, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आधी गिटारचं बघू. इलेक्ट्रिक बेसचं अंग म्हणजे भरीव लाकडाची फळी. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' आणली. तेव्हापासून घडण साधारण तीच आहे. अंगाला स्क्रूंनी जोडलेली मान, तारांखाली चुंबकाचा पिकअप. हा पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो. पोकळ भोपळा नाही, थरथरणारी तबली नाही. त्यामुळे रंगाचा थर थोडा जाड-पातळ झाला तरी आवाजाचं फारसं बिघडत नाही. उत्साही मुलाने हात साफ करून घ्यावा असंच हे वाद्य आहे.

तारा सैल करून काढाव्यात, मान उतरवावी. पिकअपच्या वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण कुठली वायर कुठे होती हे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. स्क्रू वेगवेगळ्या काड्यापेट्यांत, वर नाव लिहून. मग रंगाची जात ओळखायची. मान बसते त्या खोबणीत, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे स्पिरिटचा कापूस घासावा. रंग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडला, तर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर. हे भयंकर ज्वालाग्राही, त्याच्याजवळ आगही नको आणि हॉट एअर गनही नको. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन, काचेसारखं कडक. आजच्या बहुतेक गिटारींवर हेच असतं. ते गरम हवेने फुगवून पत्र्याच्या बोथट पट्टीने उचलावं लागतं. दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला चांगला मास्क. नंतर ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, १८०, २४०, ३२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मानेची खोबणी मात्र घासू नये, मान सैल बसते. आणि रंगाखाली सुंदर लाकूड असेलच असंही नाही. स्वस्त गिटारीत प्लायवुड किंवा चार-पाच तुकड्यांचा जोड निघतो. मग पुन्हा रंग देणं हेच शहाणपण.

लाकूड देखणं निघालं तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत, एकावर एक. कन्नडमध्ये ज्याला आपण अरगु म्हणतो, तीच ही लाख. फक्त धारवाडच्या पावसात हे काम काढू नका. हवेतला ओलावा त्या थरात अडकतो आणि पॉलिशवर पांढरट धुरकट छटा येते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

आता तंबोरा. याची दांडी आणि तबली साधारणपणे तूण लाकडाची असते. खालचा भोपळा म्हणजे खरोखरच वाळवलेलं फळ, मिरजेच्या वाद्यांसाठी ते मंगळवेढ्याकडून येतं. तबली पातळ असते आणि घोडीवरून आलेली थरथर तीच मोठी करते. सँडपेपरने काढलेलं लाकूड परत येत नाही, आणि जाड थर दिला तर तबली जड होऊन गुंज दबते. नक्षीच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असतील तर गरम हवेने पेट घेतील, वाळका भोपळा तडकेल तो वेगळाच.

मुख्य म्हणजे हे सगळं करायची गरजच नसते. लाखेचं पॉलिश कितीही जुनं असो, स्पिरिटने ते पुन्हा विरघळतं आणि नवा हात जुन्यातच मिसळून जातो. काळवंडलेपण बहुतेक वेळा धुळीचं आणि हातांच्या घामाचं असतं. मऊ कोरडं कापड, फार तर टर्पेंटाइनचा अगदी हलका हात, पाणी अजिबात नाही. एवढ्यानेही तंबोरा उजळतो. उरलं तर जाणत्या माणसाकडून पातळ पॉलिश करून घ्यावं. याउलट फर्निचर पॉलिश करणारे बडिगेर हल्ली सगळ्यालाच पीयू सुचवतात. टेबलाला ते छानच. तंबोऱ्यावर एकदा बसलं की स्पिरिटने निघत नाही, पुढच्या माणसाला खरवडण्यावाचून उपाय राहत नाही. पन्नास वर्षं सहज दुरुस्त होत आलेलं वाद्य एका दुपारीत दुरुस्तीबाहेर जातं.

जाणता माणूस शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. लोंढ्यावरून गाडी थेट मिरजेला जाते. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार आणि झळाळी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी वाद्यं घडवायला सुरुवात केली आणि घराण्याघराण्यांतून ते काम पुढे चालत आलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

जाताना तारा सैल करा, भोपळ्याखाली चादरीची चुंबळ ठेवा आणि वाद्य आडवं एकटं सोडू नका. काम देताना दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: पॉलिश लाखेचंच हवं, आणि सध्याचा आवाज आवडत असेल तर घोडीच्या जवारीला हात लावू नये. पॉलिशला दिलेल्या तंबोऱ्याची जवारीही प्रेमाने काढून मिळू शकते, आणि मग आजीला तिचा ओळखीचा षड्ज घरी आल्यावर सापडत नाही.