मुक्त व्यापाराच्या नावाने गळा
२३ जानेवारी २०२४ रोजी चीनमधून कराचीकडे निघालेले एक मालवाहू जहाज न्हावा शेवा बंदरात आले असता त्यावरील एक खेप सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवली. आत इटालियन बनावटीचे संगणक-नियंत्रित यंत्र होते. कागदोपत्री माल घेणारा सियालकोटचा. चौकशीत निघाला दुसराच. संरक्षण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी यंत्र तपासले आणि पाकिस्तानच्या आण्विक कार्यक्रमात त्याचा उपयोग होऊ शकतो, असा निर्वाळा दिला. पाकिस्तानने लगेच कांगावा सुरू केला. म्हणे, हे तर मोटारींचे सुटे भाग करणारे साधे लेथ. भारत मुक्त व्यापारात अडथळा आणतो आहे!

मुक्त व्यापाराचे माहेरघर म्हणजे युरोप. तिथला दाखला पाहावा. १९८५ मध्ये एका फ्रेंच कंपनीचे संगणक-स्मृतीचे भाग बनविणारे यंत्र पॅरिसहून मॉस्कोला जायचे होते. विमान रद्द झाले म्हणून ते ट्रकने लक्झेंबर्गच्या विमानतळावर आणले गेले आणि तिथेच जप्त झाले. कारण सामरिक महत्त्वाच्या मालाला त्या चिमुकल्या देशातून नुसते पुढे जायलाही परवाना लागत असे. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. मालाच्या मुक्त संचाराचे तत्त्व याच न्यायालयाने १९८३ मध्ये पारगमनालाही लागू केले होते. तरीही ४ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात त्याने असा परवाना मागण्याचा अधिकार मान्य केला. सार्वजनिक सुरक्षेत देशाची बाह्य सुरक्षाही येते, हे स्पष्ट केले. २०१९ मध्ये तर जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने युक्रेनच्या मालाची वाट अडविणाऱ्या रशियाचा सुरक्षेचा आधार ग्राह्य धरला. जे लक्झेंबर्गला चालते, रशियाला चालते, ते भारताने केले की आक्रमण कसे ठरते?

आणि भारताला हा अनुभव नवा नाही. जून १९९९ मध्ये, कारगिलच्या शिखरांवर आपले जवान रक्त सांडत असताना, कांडला बंदरात 'कु वोल सान' या उत्तर कोरियाच्या जहाजाची झडती झाली. कागदांवर पाणी शुद्ध करण्याची सामग्री. पेट्यांत क्षेपणास्त्रांचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रे! त्या झडतीच्या वेळी सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा अस्तित्वात नव्हता. आज तो आहे, आणि देशातून केवळ पुढे जाणारा मालही त्याच्या कक्षेत येतो.

लक्झेंबर्गच्या निकालाचा उत्तरार्धही मात्र वाचला पाहिजे. माल मूळ देशाला परत पाठवून भागत असेल तर जप्ती अतिरेकी ठरू शकते, असे न्यायालयाने बजावले. प्रामाणिक व्यापाऱ्याचा माल कारणाविना कुजत पडू नये, हे आपल्यालाही लागू आहे. अडविलेल्या प्रत्येक खेपेची कारणे लेखी असावीत, म्हणजे कांगावखोरांच्या हाती कोलीत मिळणार नाही.

खरी चिंता पुढची आहे. केरळातील विळिंजम बंदर २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झाले. पालघरजवळ वाढवणचे काम हाती घेतले आहे. कोलंबो आणि सिंगापूरकडे वळणारी परक्यांची खोकी उद्या आपल्याच धक्क्यांवर उतरतील आणि पुढे जातील. प्रत्येक खोके उघडणे अशक्य. मग साधे लेथ कोणते आणि अण्वस्त्राच्या कामी येणारे यंत्र कोणते, हे पाहताक्षणी ओळखणारा अभियंता सीमाशुल्क खात्याच्या किती धक्क्यांवर बसला आहे, याचे उत्तर दिल्लीने बंदरांच्या उद्घाटनांआधी द्यायला हवे.