आठ रुपयांच्या आहाराला चेहऱ्याचं कुलूप

१ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देण्यासाठी चेहरा ओळखणं सक्तीचं केलं. सेविकेने पोषण ट्रॅकर अ‍ॅप उघडायचं, समोरच्या बाईचा फोटो काढायचा, नोंदणीच्या वेळच्या फोटोशी जुळला तर पाकीट द्यायचं. आपल्या आयटीवाल्या मंडळींना हे ऐकूनच बरं वाटतं. "मस्त आहे की! चोरी थांबेल." मला अजिबात मस्त वाटत नाही. आणि माझं कारण भावनिक नाही, चक्क तांत्रिक आहे.

आधी किंमत बघू. २०१७ साली केंद्राने दर ठरवले: मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. हे दर वाढवू, असं अर्थमंत्री म्हणाल्या ते फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये, सात वर्षं उलटल्यावर. महिन्याचे २५ दिवस धरले तर एका मुलामागे २०० रुपये. आपली शनिवारची एक कॉफी! आणि एवढ्यासाठी आधार, ओटीपी, फोटो. साडेनऊ रुपयांसाठी कोणती बाई दुसऱ्याच कुणाचं तोंड लावून येणार आहे हो?

बरं, चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. होते. पण बग कुठे आहे ते न बघता पॅच मारायचा नसतो, हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. हा आहार कंत्राट, कारखाना, गोदाम, टेम्पो, अंगणवाडी असा फिरत शेवटी आईच्या हातात पडतो. न्यायालयांना संशय कुठे होता? ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत असा आदेश दिला. २६ फेब्रुवारी २०१९ ला त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातली टीएचआरची कंत्राटं रद्द केली, कारण टेंडरच्या अटीच अशा होत्या की महिला बचत गट बाहेर राहावेत. आणि कॅमेरा कुठे बसवला? साखळीच्या शेवटच्या टोकाला, जिथे सगळ्यात गरीब माणूस उभा आहे तिथे.

आता यूजर बघू. पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते, नोंद मात्र सासरच्या अंगणवाडीत. घरात मोबाईल एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. पाड्यावर रेंज नाही. हे काही अपवाद नाहीत राव, हाच मुख्य यूजर आहे!

समजा, अगदी उदारपणे समजा, शंभरात दोनच वेळा काहीतरी फसलं. आपल्या डेमोत याला टाळ्या पडतील. पण त्याच बजेटच्या भाषणानुसार देशात गरोदर-स्तनदा लाभार्थी एक कोटी आहेत. दोन टक्के म्हणजे दोन लाख बायका. आपल्याकडे लॉगिन फसलं तर माणूस वैतागतो आणि परत प्रयत्न करतो. इथे सहा महिन्यांचं मूल महिनाभर थांबत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. थांबायला वेळ आहे कुणाकडे?

आणि हे सगळं चालवायचं कुणी? सेविकेने. २०२१ साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. २ जीबी रॅमचे फोन, त्यावर अ‍ॅप चालेना, आणि तक्रार ही की अ‍ॅप मराठीत नाही. आपल्या टीमला असं मशीन दिलं असतं तर आपण दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकला असता. त्या बायकांना मात्र "तंत्रज्ञानाला विरोध करतात" असं ऐकावं लागतं.

तुम्ही म्हणाल, खोटी नावं असतात त्याचं काय? असतात ना. मग अचानक तपासणी करा, यादी गावात वाचून दाखवा, कुठल्या गोदामातून किती पाकिटं निघाली आणि कुठे किती पोचली ते उघड मांडा. हवा तर चेहराही टिपा, पण जुळला नाही तर सेविकेच्या सहीवर पाकीट मिळालंच पाहिजे. कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार हा आहार म्हणजे हक्क आहे, बक्षिसी नाही. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात म्हटलेलं आहेच.

सिस्टीम फसली की तिने कुणाच्या बाजूने फसावं, हा डिझाईनचा पहिला प्रश्न. लिफ्ट बंद पडली तर खाली कोसळत नाही, जागच्या जागी थांबते, कारण कुणीतरी आत उभ्या असलेल्या माणसाचा विचार केलेला असतो. इथे अ‍ॅप फसलं की पाकीट कपाटात सुरक्षित राहतं आणि बाई रिकाम्या हाताने घरी जाते. याला कार्यक्षमता म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी कोड रिव्ह्यूमध्ये हे पास केलं नसतं.