हँडलवरचा हात बधिर होतो, तेव्हा

धुळ्याहून पहाटे मुंबई-आग्रा महामार्गाने लळिंगच्या घाटाकडे किंवा उलट दिशेला सोनगीरकडे निघालेले सायकलस्वार आता कोणाला नवलाचे वाटत नाहीत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तेव्हापासून उत्तर महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा वाढली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत अशा ब्रेव्हेंची भाषा आता लहान शहरांतही कानावर पडते. वजन, साखर आणि रक्तदाब यांच्यासाठी सायकल चांगली, हे डॉक्टरही आवर्जून सांगतात. मात्र तीस-चाळीस किलोमीटरनंतर करंगळीला मुंग्या येऊ लागतात, घरी आल्यावर शर्टाचे बटण नीट लागत नाही, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बोललेच, तर 'अशक्तपणा असेल, बी-१२ घेऊन टाक' एवढ्यावर विषय संपतो.

वास्तविक हा त्रास सायकलइतकाच जुना आहे. फ्रान्समधील लियों शहरातील डॉक्टर एतिएन देस्तो यांनी १८९६ मध्येच सायकलमुळे हाताची नस दबल्याची नोंद करून ठेवली होती. (बोलीत 'नस' म्हटले की रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही आले. येथे नस म्हणजे मज्जातंतू, हाताला संवेदना आणि हालचालीचे आदेश पोहोचवणारी तार. रक्त अडल्यामुळे हात बधिर होतो ही समजूत या बाबतीत बहुतेक वेळा चुकीची असते.)

हाताकडे येणाऱ्या नसांपैकी दोन येथे महत्त्वाच्या. करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका एका नसेच्या ताब्यात असते. तिला वैद्यकात अल्नर नस म्हणतात. कोपर टेबलावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हिच्याच. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि उरलेली अर्धी अनामिका दुसऱ्या, मीडियन नसेकडे. ही दुसरी नस मनगटाच्या मधोमध, जाड पट्ट्याखाली असलेल्या बोगद्यातून जाते. अल्नर नस मात्र तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, दोन छोट्या हाडांमधल्या अरुंद वाटेने जाते आणि तिच्यावर कातडी, थोडी चरबी व पातळ स्नायू एवढेच पांघरूण असते. फेलिक्स ग्वियों या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये या वाटेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. हँडलवर तळहाताचा जो भाग रेलतो, तो नेमका हाच. वरून शरीराचा भार, खालून रस्त्याचे हादरे आणि मागे वाकलेले मनगट अशा तिन्ही बाजूंनी नस तासन्‌तास चेपली जाते.

म्हणून सायकलवरून उतरल्यावर पहिला प्रश्न हा, की बधिर झाले ते कोणते बोट? करंगळीची बाजू असेल तर एक नस, अंगठ्याची बाजू असेल तर दुसरी. आणखी एक खूण फार उपयोगी आहे. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडच्या कातडीला संवेदना देणारी फांदी मनगटाच्या बरीच आधी वेगळी होते. त्यामुळे तळहाताकडून करंगळी बधिर आणि हाताची पाठ शाबूत असेल, तर दाब बहुधा मनगटाशी, म्हणजे हँडलवर पडलेला. हाताची पाठही बधिर असेल तर दोष कोपरापाशी किंवा मानेत शोधावा लागतो. तिथे हातमोजे बदलून काही होणार नाही.

बधिरपणाचा त्रास जाणवतो तरी. काळजी करावी असा प्रकार दुसराच आहे. ही नस तळहातात शिरल्यावर तिचे दोन भाग होतात. एक संवेदनेचा, दुसरा खोलवर जाणारा, बोटांच्या बारीक स्नायूंना हलवणारा. दाब नेमका या दुसऱ्या भागावर पडला तर मुंग्या अजिबात येत नाहीत. फक्त ताकद जाते. कुलपात किल्ली फिरत नाही, बोटे एकमेकांना चिकटवता येत नाहीत, नखे कापायचे यंत्र दाबले जात नाही. दुखत नाही म्हणून माणूस आठवडेच्या आठवडे सायकल चालवत राहतो.

त्यासाठी घरच्या घरी करण्यासारखी एक जुनी तपासणी आहे. जूल फ्रोमां या फ्रेंच डॉक्टरने ती १९१५ मध्ये मांडली आणि तिला साधन लागते ते वर्तमानपत्राचे. या अंकाच्या पानाची कड अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्या मध्ये, अंगठा सरळ ठेवून धरावी आणि दुसऱ्या कोणाला तरी कागद ओढायला सांगावे. मग दुसऱ्या हाताने तेच करावे. एका हाताचा अंगठा कागद धरून ठेवण्यासाठी शेवटच्या सांध्यात वाकत असेल, तर त्या हाताचा स्नायू कमजोर झाला आहे आणि शेजारचा स्नायू त्याचे काम ओढून नेतो आहे. अशा वेळी सायकल बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे.

'मी रोजचा सायकलवाला, मला काय होणार' हा भ्रमही सोडलेला बरा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६०० किलोमीटर चालवणाऱ्या २५ सायकलस्वारांचे हात आधी आणि नंतर तपासले गेले. त्यापैकी २३ जणांना बधिरपणा, कमजोरी किंवा दोन्ही आढळले. संख्या लहान आहे, पण निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येण्यासारखे नाही. दिलासा एवढाच, की दाब वेळीच हटला तर बहुतेकांची नस पूर्ववत होते. काहींची दोन दिवसांत, काहींची दोन-तीन महिन्यांत.

बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांत खरोखरच आढळते. पण ती किंवा मधुमेह नसांना इजा करू लागला की सुरुवात सहसा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून होते. एका हाताच्या दीड बोटापुरता बधिरपणा हे तिचे नेहमीचे रूप नव्हे. रक्त तपासून कमतरता दिसली तर गोळ्या-इंजेक्शने घ्यावीतच. न तपासता घेतलेल्या इंजेक्शनाने हँडलवरचा दाब कमी होत नाही. मधुमेह असलेल्यांची नस मात्र थोड्या दाबानेही दुखावते, तेव्हा त्यांनी अधिक जपावे.

खान्देशात आणखी एक शक्यता नजरेआड करता येत नाही. कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवरील 'निर्मूलन' २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. याचा अर्थ रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले इतकाच. रोग संपलेला नाही आणि राज्यात आजही नवे रुग्ण सापडतात. या रोगात सर्वाधिक दुखावणाऱ्या नसांत अल्नर नस आहे, बहुधा कोपराच्या आतल्या बाजूला. तेव्हा सायकल थांबवून तीन-चार आठवडे झाले तरी करंगळी बधिर असेल, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत असेल, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, चहाचा गरम कप हाताला लागत नसेल, तर दोष सायकलच्या माथी मारू नये. शासकीय रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व औषधे मोफत मिळतात, उपचार सहा महिने ते वर्षभराचे असतात. नुकतीच गेलेली ताकद परत येऊ शकते. उशीर झाला तर बोटे वाकडीच राहतात. या रोगाचे नाव काढायला लोक लाजतात, हे त्या उशिराचे मोठे कारण.

सायकलमुळेच होणाऱ्या त्रासाचा उपाय औषधाच्या दुकानात क्वचितच असतो. तो सायकलच्या दुकानात, एका पान्यात असतो. जुनी काळी सायकल आठवून पाहावी. स्प्रिंगची रुंद सीट, उंच आणि मागे वळलेले हँडल, दूधवाला ताठ बसलेला. त्याचा भार सीटवर असे. आजची 'रेंजर' सरळ दांड्याच्या हँडलची. चालवणारा पुढे झुकतो आणि धडाचा भार तळहातांवर येतो. त्यात सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. म्हणून आधी सीट समतल करावी, मग हँडल थोडे उंच आणि जवळ घ्यावे. कोपरे किंचित वाकलेली, मनगट सरळ ठेवावे. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदलावी. टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नये. गादीचे हातमोजे दाब कमी करतात, पूर्ण घालवत नाहीत. आणि गादीचा उंचवटा चुकीच्या जागी आला तर तोच टोचतो. हे सारे करायला खर्च नगण्य आहे. पण विकणारा ग्राहकाला एकदा सायकलवर बसवून पाहत नाही आणि घेणाराही रंग, गिअर पाहून घेऊन जातो.

हीच गोष्ट शाळकरी मुलींची. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवीपासूनच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, आणि ती योजना मोलाची आहे. पण आठवीत लावलेली सीट मुलगी दहावीत गेली, हातभर उंच झाली तरी बहुधा तिथेच असते. शाळेत एक पाना आणि ती सीट वर करून देणारे कोणीतरी, एवढे तरी असायला हरकत नाही.