रान राखणारा चोर कसा?



सरकारच्या जमाखर्चांत जंगलाच्या उत्पन्नाची रकम दरसाल मांडली जाते. ती पाहून मोठे लोक खूष होतात. पण हें लाकूड तोडणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या व रान राखणाऱ्याच्या पदरांत काय पडलें, हा सवाल कोणी करीत नाहीं. तो आज आम्ही करतों.

इंग्रजांनीं १८७८ सालीं जंगलचा कायदा केला. गांवानें पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या रानाला "राखीव" असें नांव दिलें आणि गांवालाच चोर ठरविलें. नांगराला लाकूड आणणारा कुणबी चोर, टोपलीला बांबू तोडणारा बुरूड चोर, गाय चारणारा गुराखीही चोर! जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत जंगल खात्यानें गरिबांच्या गुरांचीं कुरणें कशीं गिळलीं हें उघड सांगितलें आहे. १९४७ सालीं इंग्रज गेला, पण त्याचा १९२७ चा कायदा राहिला. १९५२ च्या वननीतीनें तर म्हटलें कीं, गांव जंगलाशेजारीं असणें हा केवळ योगायोग. त्यामुळें देशाच्या हक्काला बाध येत नाहीं. जणूं गांव देशांत नव्हतेंच!

बांबूची गोष्ट ऐका. बांबू ही गवताची जात. पण १९२७ च्या कायद्यानें त्याला "झाड" म्हटलें. ही चूक दुरुस्त होण्यास २०१७ साल उजाडलें. तब्बल ९० वर्षें! मधल्या काळांत कागदाच्या गिरण्यांना सवलतीच्या भावानें बांबू मिळाला, आणि बुरूड मात्र चार काठ्यांसाठीं गार्डाच्या पायां पडत राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनउपज ठरवून गांवाच्या हवालीं केला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या गांवाला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळाला तो २७ एप्रिल २०११ रोजीं, आणि त्यासाठीं केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांना गांवीं यावें लागलें! पुढें गांवानें आपला बांबू आपणच विकला, आणि पैसा ग्रामसभेच्या हातीं आला.

साहेब म्हणतात, "गांवाला दिलें तर जंगल उरणार नाहीं." मग १९७४ सालीं निघालेल्या वनविकास महामंडळानें मिश्र रानें तोडून सागाच्या रांगा लावल्या, त्या कोणाच्या हुकुमानें? त्या रानांतल्या मोहानें व चारोळीनें घरें जगत होतीं. साग काय गरिबाचें पोट भरतो? दिल्लीच्या नव्या संसदभवनाला महाराष्ट्राचें सागवान लागलें, याचा अभिमान आम्हांलाही आहे. पण ज्या रानाचें लाकूड संसदेला चालतें, त्या रानाच्या माणसाचा हक्क कां चालूं नये?

लाकडाचा धंदा बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. धंदा चालो, पण त्यांत गांव मालक असो. नुसता मजूर नको.

म्हणून बंधूंनो, ग्रामसभा भरवा आणि सामूहिक दावा दाखल करा. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असणाऱ्यांत निदान एक-तृतीयांश बायका पाहिजेत. "तुम्ही आदिवासी नाहीं, तुम्हांला हक्क नाहीं," असें कोणी सांगेल तर फसूं नका. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, त्या रानावर जगलेल्या इतरांनाही हा कायदा लागू आहे. कागद दलालाच्या हातीं देऊं नका. चावडीवर मोठ्यानें वाचून घ्या. अडाणीपणावरच आजवर आपली लूट झाली. आतां तरी डोळे उघडा!